बाबलीचं व्हय म्हाराजा

बाबली चहा पिण्याआधी कपाचा वास घेतो. टपरीवाला ओळखीचा, दूध सकाळचं, चहा डोळ्यांसमोर उकळलेला, तरी वास घेतोच. सख्ख्या भावाच्या जाळ्यातला बांगडा हातात दिला, तरी कल्ले उचलून आत लाल आहे की नाही ते बघतो. शेवंतीला बघायला गेला तेव्हा हा गडी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्या गावी गेला. विहिरीवर पाणी भरणारी मुलगी काल दाखवलेलीच आहे ना, याची खात्री केली आणि मगच होकार कळवला. शेवंती हे अजून चारचौघांत सांगते, आणि तो अजून म्हणतो, "मगे? बघूक नको?"

मालवणात एस.टी. स्टँडकडून बंदराकडे जाताना माझं शिलाईचं दुकान लागतं, गंगाराम टेलर. त्याला लागून बाबलीचं व्हिडिओ गेमचं दुकान. मध्ये भिंत नाही, नुसतं प्लायवूड आहे. त्याच्याकडचा शब्दन् शब्द मला माझ्या मशीनच्या खडखडाटातूनही ऐकू येतो. ऐकू येतो म्हणजे मी ऐकतो, उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू?

बाबलीचं घराणं रापणीचं. होडीने जाळं समुद्रात फिरवून आणायचं आणि मग वाडीतल्या सगळ्यांनी किनाऱ्यावर उभं राहून दोन बाजूंनी दोर ओढून ते वर घ्यायचं, ही रापण. थोरला भाऊ दत्ताराम तिचा म्होरक्या. बाबलीही पूर्वी दोराला असायचा, पण त्याचं लक्ष दोरावर कमी आणि पुढच्या माणसाच्या दंडावर जास्त. हा खरंच ओढतोय की नुसता रेलून उभा आहे? दुसऱ्यांवर पहारा ठेवता ठेवता स्वतः ओढायचं राहूनच जाई. एकदा दत्तारामने त्याला सगळ्यांदेखत झापलं. बाबलीने दोर सोडला तो सोडलाच. गोव्याला गेला आणि येताना एक जुनं गेमचं मशीन आणि टीव्ही घेऊन आला. वाडी पोट धरून हसली. दत्ताराम म्हणाला, "पोरांक खेळवून कोणाचा पोट भरता?" पण पोरं आली, वाढली, कॉलेजात गेली तरी येत राहिली. जन्मात बाबलीने एकट्याने उभी केलेली अशी ती एकच गोष्ट. ते दुकान त्याचा जीव की प्राण होतं.

पोरांमध्ये दोघं म्होरके. एक प्रितेश, ट्रॉलर चालवणाऱ्या तांडेलाचा मुलगा, तोंडाने फटकळ. दुसरी प्राजक्ता. तिची आई मच्छीमार्केटात बसते. पोरगी इंग्रजी फाडफाड वाचते आणि खेळात भल्याभल्यांना हरवते. दोघं वेडी होती ती 'स्टॉर्म कॅप्टन' नावाच्या खेळाची. वादळात सापडलेलं जहाज किनाऱ्याला आणायचं, असा खेळ. परदेशातली केस्ट्रॉन नावाची कंपनी तो काढायची. दोन भाग आले होते आणि सगळ्यांचे डोळे तिसऱ्याकडे लागले होते.

ही कंपनी दरवर्षी मे महिन्यात मोठी पत्रकार परिषद घ्यायची. प्रितेश सायबर कॅफेत ठाण मांडून तिचा व्हिडिओ उतरवून घ्यायचा, सीडीवर घालून आणायचा, आणि मग बाबलीच्या टीव्हीपुढे ही गर्दी. स्टेजवर काळ्या शर्टातला एक माणूस काहीतरी जाहीर करायचा, समोरचे लोक खुर्च्यांवरून उठून ओरडायचे. एका वर्षी प्रितेशने तिथे व्हिडिओ थांबवला, दोन्ही हात जोडले आणि देवाला गाऱ्हाणं घालतात त्या सुरात म्हणाला, "बा केस्ट्रॉनदेवा, कॅप्टनाचो तिसरो भाग लवकर धाड रे म्हाराजा!" आणि सगळी पोरं ओरडली, "व्हय म्हाराजा!" तेव्हापासून तो रिवाजच पडला. कंपनीने काहीही जाहीर केलं की इकडे व्हय म्हाराजा.

बाबली मात्र कोपऱ्यात स्टुलावर बसून डोळे बारीक करी. "तो मधी मधी पाणी कित्याक पिता?" तो विचारी. "खोटा बोलणाऱ्याचो घसो सुकता." खेळातलं जहाज दाखवलं की म्हणे, "ह्या चित्र आसा. खेळतना कोण दिसता काय तुमका?" टाळ्या वाजवणारे लोक भाड्याने आणलेत, हेही त्याचंच मत. पोरं चिडायची, त्याला काय काय बोलायची. पण खरं सांगायचं तर बाबलीशिवाय त्यांना तो व्हिडिओ बघायला मजा आली नसती.

आणि बाबलीचंच खरं होत होतं! २००४ साली तिसरा भाग येणार म्हणून जाहीर झालं, पोरांनी दुकान डोक्यावर घेतलं. पुढच्या मे महिन्यात तोच काळा शर्टवाला हसत हसत म्हणाला की अजून वेळ लागेल. प्रितेशने पायातली चप्पल टीव्हीवर फेकली. प्राजक्ताने कंपनीच्या वेबसाइटवर इंग्रजीतून भलीमोठी खरमरीत प्रतिक्रिया लिहिली. त्या दिवशी कुणी चहासुद्धा घेतला नाही. बाबली तेवढा तृप्त चेहऱ्याने बसला होता. २००६ साली पुन्हा नवी तारीख आली, ऑक्टोबरातली, म्हणजे आपल्या दिवाळीची. पोरं पुन्हा नाचली. मला तर त्यांची कमालच वाटली.

त्याच वर्षीची नारळी पौर्णिमा. पावसाळ्यात वर ओढलेल्या होड्या पुन्हा पाण्यात जाणार, म्हणून वाडी किनाऱ्यावर जमलेली. समुद्राला नारळ देण्याआधी गाऱ्हाणं होतं. एकाने देवाला सगळ्यांच्या वतीने मागणं सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्यामागे 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हटलं की ते देवापुढे पक्कं झालं, मग ते मागे घेता येत नाही. आमच्या वाडीचं गाऱ्हाणं दत्ताराम घालतो. बाकीच्यांच्या तोंडातून व्हय म्हाराजा आपोआप निघतं. बाबलीचं तसं नाही. तो आधी वाक्य मनात तोलून बघणार, आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर पुटपुटणार. कधी कधी तर म्हणतही नसे.

गाऱ्हाणं संपत आलं तसा प्रितेश पुढे घुसला. "दत्तारामकाका, आमचा पण एक घाला. कॅप्टनाचो तिसरो भाग दिवाळेक येवंदे."

बाबलीचं डोकं सणकलं. "देवाक त्या लबाड कंपनीच्या खोट्यात कित्याक ओढतंस रे? येवचो नाय तो भाग! इलोच तर दुकान बंद करतंय आणि परत रापणीच्या दोराक उभो रवतंय. जा!"

दत्ताराम इतकी वर्षं याच वाक्याची वाट बघत होता. त्याने नारळ वर उचलला. "बा समुद्रदेवा म्हाराजा! कंपनीचो खेळ दिवाळेक इलो, तर माझो भाव बाबली दुकान बंद करून रापणीक परत येतलो, अशी तेची कबुली आसा. ती मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अख्खा किनारा ओरडला. सवयच ती. सगळ्यात मोठा आवाज प्रितेशचा. आपण काय म्हणून बसलो ते त्याला नारळ पाण्यात पडल्यावर कळलं. प्राजक्ताने तोंडावर हात ठेवला, पण तोवर तिचंही म्हणून झालं होतं.

बाबलीला काडीची फिकीर नव्हती. "कंपनी खोटी," तो मला म्हणाला. "माका कसला भय?" दत्तारामने मात्र दोराला भावाची जागा कुठे ते ठरवूनही टाकलं. इकडे पोरांचं सगळं उलटं झालं. दोन वर्षं ज्या खेळासाठी तळमळत होती, तो आता येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसली.

नवरात्राच्या सुमारास प्राजक्ता माझ्याकडे ड्रेस शिवायला आली आणि माप देता देता रडायलाच लागली. कंपनीने पुन्हा पत्रकार परिषद घेतली होती. खेळ तयार होता, दिवाळीच्या आधीच बाजारात येणार होता. "जगभरची पोरा नाचतत, काका," ती दबक्या आवाजात म्हणाली. "एकान लिवल्यान, बातमी वाचून आनंदान रडलंय म्हणान. आणि आमी थंय सायबरात मयताक बसल्यासारखे." मग डोळे पुसून तिने पोरांचं ठरलेलं सांगितलं. बाबलीला सांगायचं की तारीख पुढे गेली. मी पण तेच सांगायचं. मी मान डोलावली.

त्यांनी सांगितलं. बाबलीने मांडीवर थाप मारली, "माका म्हायत होता!" आणि सगळ्यांना वडापाव मागवला. पोरांनी तो खाल्ला. तिथेच चुकलं. संध्याकाळी बाबली प्लायवूडला वळसा घालून माझ्याकडे आला.

"गंगाराम, मागच्या खेपेक चप्पल मारल्यानी. आज वडापाव खाल्ल्यानी. कोणी कंपनीक एक शिवी देऊक नाय. कायतरी शिजता हा."

"सवय झाली असात," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी काजं करायला घेतली.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्याने मला सावंतवाडीला नेलं. साक्षीदार हवा, म्हणाला. गाडीवर पाटी ढळढळीत असताना त्याने कंडक्टरला विचारलं, "सावंतवाडीकच जाता मा?" तलावासमोरच्या एका सीडीच्या दुकानात त्याने खेळाचं नाव सांगितलं आणि दुकानदाराने एक डबी त्याच्यापुढे ठेवली. वर वादळातलं जहाज, कंपनीचा चकचकीत शिक्का, सीलबंद. बाबलीच्या दुकानातल्या झाडून सगळ्या सीडी नकली होत्या, हे अख्ख्या मालवणला ठाऊक होतं. ही त्याच्या हातात आलेली पहिली अस्सल. त्याने ती उलटसुलट करून बघितली, वास घेतला, शिक्क्यावर नख फिरवलं. मग पैसे दिले आणि डबी शर्टाच्या आत ठेवली. त्याचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

परतीच्या गाडीत त्याने धामापूरला भगवतीसाठी खिडकीतून हात जोडले आणि तेव्हा म्हणाला, "पोरा माझ्याशी खोटा बोलली."

"व्हय," मी म्हटलं.

"सगळी?"

"सगळी. मी पण."

"कित्याक?"

"इतको बारकाईन बघतंस, ह्या दिसूक नाय तुका?" मी चिडून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पोरांना बोलावलं, आणि दत्तारामलाही. मीही मशीन थांबवून गेलो, आज प्लायवूडमागून ऐकण्यात अर्थ नव्हता. बाबलीने डबी टेबलावर ठेवली. "दादा, खेळ इलो. मी देवाक शब्द दिलंय."

मग प्राजक्ताने डबी उचलली, डोळ्यांजवळ नेली, डोळे बारीक केले. अगदी त्याच्यासारखे.

"ही डुप्लिकेट आसा," ती म्हणाली.

"सावंतवाडीत ओरिजिनल खंय मिळता?" प्रितेशने लगेच तिची री ओढली. "शिक्को बघा कसो तो! कोणीय छापीत. खेळून बघितलंत? ह्या नुसता चित्र आसा."

"कंपनीवर इश्वास कसो ठेवतास, बाबलीकाका?" प्राजक्ता म्हणाली.

बाबलीने एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं. एरवी माणसाकडे तो बघतो तो लबाडी शोधायला. आज ती शोधावी लागत नव्हती, सगळ्यांच्या तोंडावर धडधडीत दिसत होती. आणि ती कुणासाठी होती, तेही दिसत होतं.

दत्तारामला त्या शिक्क्यातलं काही कळत नव्हतं. त्याने डबी हातात घेतली, परत ठेवली. "बाबल्या, माका तू सांग. खरी काय खोटी?"

बाबलीने डबीकडे बघितलं नाही, वासही घेतला नाही.

"डुप्लिकेट," तो म्हणाला.

दत्ताराम काही दूधखुळा नाही. त्याने पोरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, भावाकडे तर बराच वेळ बघितलं. दोराला ठरवलेली जागा त्याच्या डोळ्यांपुढे असणार. "मगे खेळ इलो नाय तर," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरताना मागे न वळता पुढे म्हणाला, "दोराक माणूस कमी पडता. तुका जमात तेवा ये."

सीलबंद डबी बाबलीने गल्ल्यात टाकली. ती आजतागायत उघडलेली नाही. दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी किनाऱ्यावर गेलो तर दोराला बाबली. पुढच्या माणसाकडे त्याचं लक्ष नव्हतं. खाली मान घालून ओढत होता, मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. मग अधूनमधून दिसायला लागला. दहा वाजले की अंग धुऊन दुकान उघडायचा.

पुढे वाडीच्या देवळाची जत्रा आली. सकाळी गाऱ्हाण्याला आम्ही सगळे उभे होतो. दत्तारामने नेहमीसारखं वाडीसाठी मागितलं, होड्यांसाठी मागितलं, पोराबाळांसाठी मागितलं. आमचं व्हय म्हाराजा चालू होतं, बाबली नेहमीसारखा सगळ्यांच्या मागून पुटपुटत होता. मग दत्ताराम जरा थांबला.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरांकडसून, जाणतेपणी, अजाणतेपणी, काय खोटा-नाटा बोलला गेला असात..."

त्याचं वाक्य पुरं व्हायचं होतं. पोटात घाल, हे शब्द अजून तोंडातून निघाले नव्हते. आम्ही सगळे थांबलो होतो.

"व्हय म्हाराजा!" एकटा बाबली ओरडला.