माळवदावरची खारी माती

अक्का मातीची चिमूट जिभेवर ठेवायची, डोळे बारीक करून क्षणभर थांबायची आणि बाजूला थुंकून म्हणायची, "ही न्हाई." एवढंच. कारण विचारलं तरी उत्तर तेच.

सगळं गाव तिला अक्का म्हणायचं, म्हणून मीही. बिदर जिल्ह्यातल्या एका धरणाच्या फुगवट्यात तिचं गाव आहे. वाट आणि शेतं पाण्याखाली गेली, उंचावरची वस्ती तेवढी बेटासारखी उरली. बरीचशी घरं उठून काठावरच्या वसाहतीत गेली. नऊ राहिली. लाल दगडाच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचं माळवद. ही जुनी घरं दुरुस्त करून राहण्याजोगी करायची एक योजना निघाली आणि गुलबर्ग्याच्या कार्यालयानं देखरेखीला मला पाठवलं. मी अभियंता खरा, पण माळवद तोवर फक्त खालून पाहिलेलं.

भिंती झाल्या, कुजलेल्या तुळया बदलल्या. वरची माती तेवढी राहिली. गुत्तेदारानं होडीतून पोती आणून उतरवली. अक्कानं एका पोत्यात हात घातला, चाखली.

"ही न्हाई."

गुत्तेदार हसला. "अक्का, माती खायची न्हाई, वर टाकायची हाय."

"खारी लागती वर," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "खाऱ्या मातीत गवत धरत न्हाई. हिच्यात धरतंय. गवताची मुळी खाली गेली की तिच्या मागं पाणी."

"मग खारी कुठं मिळते?"

तिनं पाण्याकडे हात केला. "तिथं खाली हाय. जावा, काढा."

गावाची मातीची खाण धरणात बुडाली होती. त्याला ती बाई तरी काय करणार, आणि मी तरी.

मी कार्यालयाला पत्र लिहिलं, की आणलेली माती योग्य नाही. उत्तर आलं, चाचणी अहवाल जोडा. माती प्रयोगशाळेत पाठवली. तिथल्या अर्जात खारेपणाचा रकानाच नव्हता. माती पास झाली. साहेबांनी फोनवर विचारलं, "तुमचा आक्षेप कशाच्या आधारावर आहे?" एका बाईच्या जिभेच्या, असं सांगायचा धीर मला झाला नाही. तुम्हीही कधी अशा टेबलासमोर उभे राहिला असाल, तर तुम्हाला ठाऊक आहे.

मग एका सकाळी अक्काच म्हणाली, "तुमची जीप काठावर रिकामी हुबी हाय न्हवं? चला."

दोन दिवस आम्ही फिरलो. ती पुढच्या सीटवर, मांडीवर रिकाम्या पोत्यांची गुंडाळी. गाव आलं की उतरायची, जुन्या पडक्या भिंतीची, ओढ्याकाठची, बांधाची माती चाखायची. "ही न्हाई." मध्येच चूळ भरायची. दुसऱ्या दिवशी मी चिडून म्हणालो, "अक्का, थोडं उन्नीस-बीस चालवून घ्या की."

"माळवद चालवून घेत न्हाई, बाबा."

ठाणाकुशनूरच्या अलीकडे एका शेतात जुन्या, उठून गेलेल्या गावाचं पांढरं टेकाड होतं. तिथली चिमूट तिनं तोंडात घातली आणि थुंकलीच नाही. मला म्हणाली, "घ्या, बघा." मी चाखली. मिठाच्या बरणीतून काढलेलं बोट चाटावं तशी.

शेतकऱ्याशी ती निम्मं कन्नड, निम्मं मराठी बोलली. तो म्हणाला, न्या पाहिजे तेवढी, तेवढंच माझं रान सपाट होतंय. अक्कानं तिथंच पोती भरायला घेतली. "समद्यांची तुमी मागवा. माझ्या घरापुरती मी नेते."

मी नवा प्रस्ताव पाठवला. तो परत आला, कारण वाहतुकीचं अंतर मंजूर अंदाजपत्रकात बसत नव्हतं. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. तोवर मार्चअखेर आली. साहेब म्हणाले, "पास झालेल्या मातीवर सही करा. नाहीतर योजनाच परत जाईल, आणि त्याचा ठपका तुमच्या नावावर येईल."

मी सही केली.

अक्काला मी सांगितलं नाही. तिला माळवदांवर गुत्तेदाराच्या मातीच्या पाट्या चढताना दिसल्या. ती माझ्यापाशी आली. "सही तुमी केलाव?"

"व्हय."

"कामून?"

मी मार्चअखेर म्हणजे काय ते समजावून सांगू लागलो. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पावसात तुमीच ऱ्हावा आत." आणि गुत्तेदाराच्या माणसांना स्वतःच्या माळवदावर पाय ठेवू दिला नाही. टेकाडावरून आणलेली खारी माती तिनं स्वतः भिजवली, पसरली, बडवली.

आषाढात आठही घरांवर हिरवंगार गवत आलं. श्रावणात आठही घरं गळली. शेजारणी धान्याच्या कणग्या अक्काच्या घरात आणून ठेवू लागल्या. अशात कार्यालयातून पाहणी आली. साहेबांनी सगळी घरं पाहिली आणि फोटो काढला अक्काच्या माळवदाचा. अहवालात त्या फोटोखाली ओळ होती: योजनेतून दुरुस्त झालेले घर. ती ओळ मी वाचली. त्यावर मी काही केलं नाही. इतर आठ घरांच्या छपरांसाठी लोखंडी पत्रे मंजूर झाले.

श्रावण संपता संपता माझी बदली झाली. त्याच थंडीत अक्का गेली. नावाड्यानं फोनवर कळवलं, चार दिवस ताप होता म्हणाला. पत्रे आले म्हणे. नंतर तीन घरं काठावर गेली.

तिला मी शेवटची पाहिली ती बदलीच्या दिवशी, होडीतून. भुरभुर पाऊस होता. अक्का शेजारणीच्या माळवदावर उकिडवी बसून मुठीमुठीनं गवत उपटत होती. उपटलं की मुळीच्या जागी भोक पडायचं. ते ती टाचेनं दाबायची आणि पुढे सरकायची. निम्मं माळवद झालं होतं, निम्मं राहिलं होतं, आणि पलीकडे अजून सात होती.

नावाडी म्हणाला, "हाक मारू का, सायेब?"

मी नको म्हणालो. तिनंही वर पाहिलं नाही.