ओस्लॉगचं तोंड

नॉर्वेतल्या सांडवेर बेटावर, धक्क्यावर मासे कापणाऱ्या पोरीचा ब्राँझचा पुतळा आहे. ती पोर म्हणजे आपली ओस्लॉग. एकोणीस वर्षांची असताना ती हेरिंग माशांच्या कारखान्यात सुरी चालवायची. शहरातून आलेल्या शिल्पकाराने तिला आठ दिवस वाऱ्यात उभं केलं. मोबदला काय, तर कॉफी आणि वॉफल! तिनेही काही मागितलं नाही, तेव्हा तिला त्याचं कौतुकच वाटलं होतं.

आता ती त्र्याहत्तरची. नवरा गेल्यापासून ती हेरिंगच्या जुन्या पिंपांच्या झाकणांवर त्या पुतळ्याचं चित्र रंगवायची आणि शनिवारी धक्क्यावर विकायला मांडून बसायची. माणसं थांबायची, चार शब्द बोलायची. घरात बोलायला होतं कोण? आणि एक दिवस मेलेल्या शिल्पकाराच्या पुतण्याचं पत्र आलं: पुतळा काकांची कलाकृती, हक्क माझ्याकडे, चित्रं विकणं ताबडतोब बंद करा.

ओस्लॉगचं डोकंच फिरलं. तिने थेट फोन लावला. "अरे, ते तोंड माझं आहे!"

"असेल," पुतण्या म्हणाला, "पण पुतळा काकांचा."

"आणि पुतळ्याच्या डाव्या हाताचं ते अर्धं बोट? तेही काकाचंच का? सुरीने तुटून पिंपात गेलं ते माझं!"

"मी काय करू? कायदाच तसा आहे. काका जाऊन वीसच वर्षं झाली, हक्क सत्तर वर्षं राहतो."

"म्हणजे अजून पन्नास! बरं, बसते मी वाट बघत, कॉफी करून!" तिने फोन आपटला.

शेजारचा मासेवाला पेडर म्हणाला, "विक तशीच. कोण बघतंय?"

"माझंच तोंड, आणि चोरून विकू? मेले तरी नाही. पुतळ्याचं चित्र काढायचं नाही ना? नाही काढत!"

तिने आरसा समोर ठेवला आणि स्वतःला रंगवलं: सुरकुत्या, एप्रन, सुरी, अर्धं बोट, सगळं आजचं. बारा झाकणं झाली. शनिवारी ती ऐटीत मांडून बसली.

पर्यटकांची बोट लागली. एका बाईने झाकण उचललं, पुतळ्याकडे पाहिलं, पुन्हा झाकणाकडे पाहिलं आणि खाली ठेवलं. "त्या सुंदर मुलीचं एखादं नाही का? ही कोण म्हातारी?"

पेडर तोंड उघडणार, तोच ओस्लॉगने त्याचा हात दाबला. "आहे गावातलीच एक," ती म्हणाली.

त्या दिवशी एकही झाकण गेलं नाही. पुतळ्याजवळ फोटो काढायला मात्र रांग लागली होती.