सीतेला माहेरची शिदोरी

हिवाळ्यात कारंज्याच्या बाजारात गाजरं येतात ती अंगावर मळ्याची माती घेऊनच. काल सकाळी भाजीबाजाराच्या तोंडाशी एक बाई बादलीभर पाण्यात गाजरांच्या जुड्या खळखळून धूत बसली होती. ओल्या मातीचा आणि गोडसर मुळांचा मिसळलेला वास नाकात शिरला आणि पिशवी हातात धरून मी तशीच उभी राहिले. गर्दी, ओरडा, रिक्षांचे भोंगे, सगळं मागं सरकलं. डोळ्यांपुढे उभा राहिला तो समुद्रापलीकडचा एक डोंगर. अर्धा धुक्यात बुडालेला, पायरीपायरीनं उतरत आलेल्या गाजराच्या आणि कोबीच्या वाफ्यांनी हिरवागार झालेला. आणि त्या वाफ्यांकडे देवळाच्या कळसाकडे पाहावं तसं पाहणारे माझे माय-बाबा.

कारंज्याजवळच आमचा भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे इतर लोक जिला कोथिंबीर म्हणतात ती. माय-बाबांचं सगळं आयुष्य या वाफ्यांच्या मापानं चाललं. पहाटे जुड्या बांधायच्या, बाजार करायचा, दुपारी परतून पाणी धरायचं. त्यांचं जग एका बाजूला अमरावतीला आणि दुसऱ्या बाजूला वाशिमला संपत असे. मी वाशिमच्या शाळेत शिकवते, भाऊ पुण्याला असतो. त्यानंच एका दिवाळीला ठरवलं, की दोघांचे हातपाय धड आहेत तोवर त्यांना एकदा परदेश दाखवायचा.

मग ओसरीवर फोनमधल्या चित्रांची जत्राच भरली. भावानं दुबईचे मनोरे दाखवले, सिंगापूरची काचेतली बाग दाखवली, कुठल्या कुठल्या बेटांचा निळा समुद्र दाखवला. बाबा प्रत्येक चित्र बियाण्याच्या पाकिटावरचं चित्र न्याहाळावं तसं, जरा संशयानंच न्याहाळत होते. त्या मनोऱ्यांच्या गावाला पाणी कुठून येतं, एवढंच त्यांनी विचारलं, आणि उत्तर ऐकून मान हलवली. माय शेजारी मेथी निवडत होती. तुला कुठं जावंसं वाटतं, असं भावानं तीन-चारदा विचारलं तेव्हा तिनं मान वर न करताच विचारलं, "लंकेले जाता येते का?"

आम्ही हसलो. भावाला वाटलं, ती थट्टा करते आहे. पुढं आठ दिवस तिचं मन वळवण्यात गेले. शेजारच्या बायकांनीही तोंडाला पदर लावला, की रावणाच्या गावाला का कोणी हौसेनं जातं! माय कुणाशी वाद घालत नव्हती आणि दुसरं नावही घेत नव्हती. शेवटी एका दुपारी विहिरीजवळ आम्ही दोघीच होतो तेव्हा मी तिला विचारलं, काहून गं माय, लंकाच काहून?

तिनं हातातली बादली कठड्यावर ठेवली. मग म्हणाली, "सीतामाई तिथं एकटी राह्यली बाई. मारुती गेल्ता, पण तो सासरचा माणूस. माहेराहून कोणी गेलं का तिले पाह्याले?"

रामायण मी वर्गात शिकवलं आहे, कीर्तनांत ऐकलं आहे, पण त्या अशोकवनाच्या वाटेवर जनकाच्या घरचं कोणी का दिसत नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आमच्याकडे लेक दिल्या घरी गेली की माहेरचं माणूस एकदा तरी तिच्या दारात जाऊन येतं. हातात शिदोरी असते, खण असतो, बांगड्या असतात. तिचं काही उणं असेल तर ते त्याच्या डोळ्यांना दिसतं. एवढा मोठा राजा, आणि त्याच्या लेकीची खबर घ्यायला माहेराहून कोणी गेलं नाही, हे माझ्या मायला आयुष्यभर खुपत आलं होतं. मी भावाला सांगितलं. त्यानं आम्हा चौघांची लंकेची तिकिटं काढली.

बाबांना मळ्याच्या पाण्याचीच काळजी होती. ती जबाबदारी काकांनी घेतली तेव्हा ते तयार झाले. मायनं शिदोरी बांधली ती लेकीच्या पहिल्या सणाला बांधावी तशी: तिळाचे लाडू, करंज्या, शेवया, हिरव्या बांगड्या, हळकुंडं, खण आणि कारंज्याच्या दुकानात तासभर बसून निवडलेली आंब्याच्या पानाच्या रंगाची साडी. विमान समुद्रावर आलं तेव्हा ती खिडकीला कपाळ टेकून बसली. एवढं पाणी तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पुष्कळ वेळानं तिनं मला हळूच विचारलं, की एवढ्या पाण्यापलीकडून त्या पोरीला माहेरची दिशा तरी कळत असेल का.

उतरल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी डोंगर चढू लागली. चहाचे मळे, त्यांच्यावर पसरलेलं धुकं, वळणावळणाला कोसळणारं पाणी. आणि वर, नुवारा एलिया या डोंगरातल्या गावाच्या आसपास, एकदम आमचीच दुनिया! कोबी, गाजर, बीट, बटाटा, सगळं उभ्या डोंगरावर. बाबांनी गाडी थांबवायला लावली. ते खाली उतरले, बांधाशी वाकून कोबीच्या गड्ड्यावर हात ठेवला आणि तसेच राहिले. सपाट काळ्या रानात जन्म गेलेला हा माणूस डोंगरावर पायरीपायरीनं चढवलेले वाफे खालपासून वरपर्यंत पाहत होता. वळले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. माणसानं काय काय करून ठेवलंय पोरी, एवढंच म्हणाले.

सीतेचं देऊळ रस्त्याच्या कडेलाच आहे, एका ओढ्याकाठी. दक्षिणी पद्धतीचं, रंगीबेरंगी मूर्तींनी गजबजलेलं. खाली ओढा खडकांवरून धावत असतो. ती इथंच स्नानाला येत असे, असं तिथले लोक सांगतात. मायनं चपला काढल्या आणि त्या गार फरशीवर ती अशी चालू लागली, की जणू कुणी आत झोपलंय आणि जागं होईल. पुजाऱ्यानं साडी घेतली, देवीच्या पायांशी ठेवली, खणही ठेवला. पण शिदोरीकडे पाहून त्यानं हात जोडले. बाहेरचं रांधलेलं आत चालत नाही, हे त्यानं नम्रपणे, खुणांनीच सांगितलं. माय गाठोडं छातीशी धरून उभी राहिली. एवढ्या दुरून आणलेली वस्तू तशीच परत न्यायची, या विचारानं मीच कासावीस झाले.

पायऱ्यांशी एक बाई फुलं विकत बसली होती. वयानं मायच्याच आगेमागे, काळीसावळी, कपाळावर ठसठशीत कुंकू. माय तिच्यासमोर थांबली आणि मला म्हणाली, हिचं माहेर कुठलं ते विचार. आमच्या गाडीवाल्याला तमिळ येत होतं आणि मोडकंतोडकं हिंदीही. त्याच्यामार्फत कळलं, की ही इथल्याच चहामळ्यातली. तिच्या आजीच्या आजीला मळ्याच्या कामासाठी समुद्रापलीकडून, आपल्या देशातून आणलं होतं. तिकडचं गाव कोणतं, ते आता कुणालाच ठाऊक नाही. तिकडून नंतर कधी कोणी आलं नाही.

माय तिथंच पायरीवर बसली. तिनं त्या बाईला हळदकुंकू लावलं, बांगड्या पुढं केल्या आणि गाठोडं सोडलं. भाषेचा एक शब्द दोघींत सारखा नव्हता. पण पदर कसा पसरायचा, हे त्या बाईला सांगावं लागलं नाही. लाडू, करंज्या, हळकुंडं तिच्या पदरात पडत गेली आणि ती मायच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग तिनं आपल्या टोपलीतला सगळ्यात लांब गजरा काढून मायच्या अंबाड्यात माळला. त्यानंतर दोघी किती तरी वेळ बोलल्या, एक वऱ्हाडीत, एक तमिळमध्ये. मी ओढ्याच्या कठड्याला टेकून मायकडे पाहत होते. जिला मी जन्मभर जुड्या बांधताना पाहिलं ती ही माझी माय. आणि हिच्या मनात केवढी जुनी, केवढी लांब वाट होती!

परतताना गाडीत ती बाहेर पाहत बोलू लागली. "मले मोठी बहीण होती," ती म्हणाली. "पैनगंगेच्या तिकडं देल्ती, तेलंगणात. पहिल्या दिवाळीले तिले आणाले कोणी गेलं नाही. दुसऱ्याबी नाही. मंग निरोपच आला."

मला मावशी होती, हे मला त्या डोंगरावर कळलं. बाळंतपणातच ती गेली आणि मागं एक मुलगी राहिली. आजोबा पोचले ते सगळं आटोपल्यावर, आणि पुढं घरात कुणी तिचं नाव काढलं नाही. बाबांना हे ठाऊक असावं. पुढं वाकून त्यांनी मायच्या बाजूची काच वर केली, कारण वारा गार होता.

घरी आल्यावर महिनाभरानं मायनं भावाला फोन करून सांगितलं, की लंकेले नेलं, आता तिथंबी ने. लंकेला पोचायला आम्हाला दोन दिवस लागले होते. मावशीच्या सासरच्या या गावाला सकाळी निघून दिवस मावळायच्या आत पोचलो. विचारत विचारत एका कौलारू घरापुढं आलो. दारात एक बाई उभी होती. केस पिकलेले, पण हनुवटी थेट मायची, ही मावशीची लेक. तिनं तेलुगूत काहीतरी विचारलं. माय म्हणाली, "माहेराहून आली." एवढी मराठी तिला समजली. ती दारातून बाजूला झाली, आणि मग भिंतीला धरून खाली बसली.

या दिवाळीला ती मळ्यावर आली होती. चार दिवस राहिली. मायच्या मागं मागं वाफ्यांतून हिंडली, सांबाराच्या जुड्या बांधायला शिकली. निघाली तेव्हा आम्ही एसटीवर पोचवायला गेलो. गाडी सुटली तरी ती त्या वयात खिडकीतून मान काढून मागं पाहत राहिली, जशा साऱ्या लेकी पाहतात. मला वाटलं, गेलेलं माणूस गेलंच. ती थोरली बहीण दोन दिवाळ्या कुणाच्या वाटेकडे डोळे लावून बसली असेल, आणि तिच्यापर्यंत आता कोणतीच गाडी जात नाही. काळाला त्याबद्दल काही विचारता येत नाही. पण ज्या वाटेवर ती पाहत बसली होती, त्या वाटेनं आता माणसं येतात-जातात. धूळ खाली बसेपर्यंत माय तिथंच उभी होती.