मोठ्या इंग्रज नटासमोर माझं काम

मी मस्कतला एसी दुरुस्त करतो, पण स्वतःला समजायचो नट. गावाला शिमग्याच्या नाटकात दरवर्षी मी भालदार. वाक्य एकच, "आज्ञा महाराज." तेही एकदा महाराज तोंड उघडायच्या आधीच बोलून मोकळा झालो.

त्यामुळे इंग्रज लोक वाळवंटात सिनेमा काढायला आलेत, गर्दीत उभी राहायला माणसं हवीत, असं कळल्यावर अर्बाबाच्या, म्हणजे मालकाच्या, पाया पडून सुट्टी काढली. मुलीने इथल्या वादी कबीर भागातल्या शाळेत वर्गभर सांगून टाकलं, माझे पप्पा पिक्चरमध्ये आहेत. मला म्हणाली, "पप्पा, फेस दिसला पाहिजे. नाहीतर सगळे मला लायर म्हणतील."

हिरो म्हणजे एक म्हातारा इंग्रज. आमच्यावर नेमलेला सुपरवायझर हैदराबादचा. तो दम देऊन म्हणाला, "लंडन के स्टेज पे इसने जवानी में सब राजा लोगों का रोल किया, फिर पिक्चर में आया, रानी ने खिताब दिया. इसके सामने खांसने का भी नहीं."

रिहर्सलला म्हातारा नुसता पुटपुटला. मला हसू आलं. शेजारच्याला म्हटलं, "राजे केले म्हणे. आवाज पोटातच राहतोय. आमच्या गावात पहिल्या रांगेतल्या पोरांनी घरी पाठवला असता याला." राजा कसा बोलतो तेही करून दाखवलं. सुपरवायझरने डोळे वटारले तेव्हा थांबलो.

सीन असा, की म्हातारा वाळवंटात हरवलाय, आमच्याकडे पाणी मागतो आणि आम्ही कोणी देत नाही. नुसतं उभं राहायचं. माझा तर तोच अनुभव.

कॅमेरा सुरू झाला. आत्तापर्यंत छत्रीखाली बसून चहा पिणारा तो माणूस लडखडत आला, माझ्यासमोर गुडघ्यावर बसला आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला. मला 'वॉटर' एवढंच कळलं. इथे गच्चीवर उन्हात मशीन खोलताना कोणी पाणी मागितलं, तर तू कोण, कुठला, असं आम्ही विचारत नाही. माझा हात सिनेमावाल्यांनी घातलेल्या झग्याच्या खिशात गेला. प्लास्टिकची बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्याच्या तोंडाला लावली. वर शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं, "पिओ बाबा, धीरे धीरे."

सिनेमा जुन्या काळातला होता.

म्हातारा दोन घोट प्यायला आणि हसला. बाकी कोणी हसलं नाही. सुपरवायझरने दंडाला धरून बाहेर काढलं. "यल्ला, खलास."

"भाईसाब, एक चान्स. बच्ची ने क्लास में बोला है."

"तू एसी बना. अ‍ॅक्टिंग तुझे दिखती भी है?"

मी बसपाशी उभा राहिलो. म्हाताऱ्याने पुन्हा तसंच पाणी मागितलं. आवाज तर माझ्यापर्यंत येतच नव्हता, तरी माझा हात खिशाकडे गेला.

घरी आल्यावर मुलीला सगळं सांगितलं.

"पण पप्पा, तो अ‍ॅक्टिंग करत होता."

"हो गं. सगळ्यांना माहीत होतं. मी सोडून."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "मी सांगितलं, पप्पांना काढून टाकलं."

"का काढलं, ते सांगितलंस?"

"नाही. ते जास्त एम्बॅरसिंग आहे."