मामांनी उसने दिलेले पाच गडी

फुटबॉल हा केळीच्या बागेत उगवणारा खेळ आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस उभ्या पृथ्वीवर एकच आहे आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. वसईजवळच्या गिरीजमध्ये त्यांची वाडी, वाडीच्या कुंपणाला लागून गावचं मैदान, आणि त्या मैदानावर गेली तीस वर्षं मामा पोरांना फुटबॉल शिकवत आले. शिकवत कसले, पोरांची लागवडच करत आले. नवीन पोरगा आला की आधी त्याची पोटरी दाबून बघायची, मग उंची डोळ्यांनी मोजायची आणि तिथल्या तिथे केळीच्या जातीवरून त्याचं नाव ठेवायचं. लांबलचक असला तर राजेळी, जाडजूड असला तर बनकेळ, बुटका आणि चपळ असला तर वेलची. हे नाव इतकं चिकटतं की पोराची आईसुद्धा त्याच नावाने जेवायला हाक मारते. पुढे त्याच्या लग्नाची घोषणा चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या नावानिशी होते तेव्हा अर्धं गाव एकमेकांना विचारतं, हा कुठला बाबा आता?

मामांचा खेळाडूंवर जीव, आणि सुकेळीवर विश्वास. हाफटाइमला दुसऱ्या टीमची पोरं लिंबूपाणी पितात. आमच्या पोरांना मामा केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेल्या सुक्या केळ्यांची एकेक पुडी सोडून देतात. त्यामुळे दुसऱ्या हाफमध्ये पोरं घोड्यासारखी धावतात असं मामांचं म्हणणं. मी स्वतःच्या डोळ्यांनी आमचा गोलकीपर खांबाला टेकून घोरताना पाहिला आहे. सामना चालू असताना मामा रेषेबाहेर कधीच उभे राहत नाहीत; चेंडूबरोबर तेही या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतात, हवेत लाथा मारतात. एकदा अशाच लाथेबरोबर त्यांची चप्पल उडाली आणि समोरच्यांच्या जाळ्यात जाऊन पडली. तो गोल धरावा म्हणून मामांनी पंचाशी वीस मिनिटं वाद घातला. इतकं सगळं करून तीस वर्षांत आमच्या कपाटात कप आला एकच. चांदीपला सामने खेळायला गेलो, तर सामने आदल्याच रविवारी होऊन गेलेले. तिथे रस्सीखेच चालू होती. मामांनी टीम तिच्यात उतरवली आणि दुसरा नंबर काढला.

शेवटी गावच्या कमिटीने बैठक घेतली. मामांच्या पाया पडून, चहा पाजून, अगदी गोड शब्दांत त्यांना सांगितलं की आता एखादा शिकलेला, सर्टिफिकेटवाला तरुण कोच आणूया. त्याच सुमारास पोर्तुगालात असलेल्या आमच्या गावच्या फादरांनी तिथल्या एका छोट्या स्पर्धेचं निमंत्रण धाडलं होतं. मामा म्हणाले, एवढी वारी माझ्या हातून होऊ द्या. कमिटी म्हणाली, होऊ द्या. तिकडे तीनपैकी एक जरी सामना जिंकलात तरी टीम तुमचीच, नाहीतर आल्यावर शिट्टी त्या तरुणाच्या हातात. मामांनी मान डोलावली. मी एकदा मस्कतला जाऊन सुखरूप परत आलेला माणूस असल्यामुळे मला मॅनेजर नेमलं.

तिकडे पोहोचल्यावर मामांना कुणाच्या भाषेची अडचण वाटली नाही. पाव, बटाटा, चावी आणि अननस या त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलेल्या चार शब्दांवर त्यांनी आठ दिवस संसार केला, आणि कुठेही उपाशी राहिले नाहीत. दर्शनीय स्थळांचं मात्र आमचं जमलं नाही. नदीकाठचा प्रसिद्ध बुरूज दाखवायला बस थांबली, तर मामा सोळाच्या सोळा पोरांना घेऊन रस्त्यापलीकडच्या परसात घुसले आणि तिथल्या म्हातारीला संत्र्याच्या झाडाला आळं कसं करावं ते हातवारे करून शिकवत बसले. म्हातारी खूश, बुरूज राहिला. दुसऱ्या दिवशी एक भलाथोरला किल्ला पाहिला. मामांनी भिंतीवर थाप मारली, वर पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या वसईचा बांधताना यांनी जास्त मन लावलं होतं हो, जावई."

पहिला सामना आम्ही सहा गोलांनी हरलो. दुसरा चारांनी. मामांच्या मते ही दोन गोलांची प्रगती होती. पण त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत आणि पोरं आपापसांत हळू आवाजात बोलत राहिली. कमिटीची अट काय आहे ते सोळाही जणांना ठाऊक होतं.

तिसऱ्या सामन्याला समोरची टीम आलीच नाही. म्हणजे आली, पण सहाच पोरं. बाकीची ज्या गाडीत होती ती वाटेत बंद पडली होती. त्यांची कोच, एक बारीकशी बाई, घामाघूम होऊन पंचाला काहीतरी समजावत होती. पंचाने मला इंग्रजीत सांगितलं की सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर नियमाप्रमाणे सामना तुमचा. सही करा आणि मोकळे व्हा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते एका सहीवर आलं होतं. मी पेन काढलं. मामा त्या सहा पोरांकडे बघत होते.

"सोळा आणि सहा किती झाले?" मामांनी विचारलं.

मी बावीस म्हणालो आणि पुढचं माझ्या लक्षात आलं. आमच्या गावात हे असंच चालतं. शेजारच्या राजोडीची पोरं आली आणि दोन कमी पडली तर दोन आपल्यातले द्यायचे. वाडीत कुणाकडे केळी लावायला माणसं कमी पडली तर आपल्या घरचे जातात, तसंच. पण हे राजोडी नव्हतं. मी मामांना बाजूला घेतलं, हात जोडले, म्हटलं, एवढी सही करतो, टीम तुमच्याकडे राहते.

"जावई, खेळायला आलेली पोरं. कपडे घालून उभी आहेत. त्यांना काय परत पाठवू?"

मग निदान बाकावरचे पाच द्या, असं मी काकुळतीला येऊन म्हणालो. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शेजाऱ्याला किडका नारळ द्यायला सांगत होतो. त्यांनी हाक मारली ती थेट वेलचीला, आमच्या सगळ्यांत चांगल्या खेळाडूला. मागून चार जण आणखी गेले. पंचाने डोकं खाजवलं, बाईने मामांचे दोन्ही हात धरले, आणि पाच जणांनी आमच्याच जर्स्या उलट्या करून घातल्या.

त्या दिवशी आमची पोरं जशी खेळली तशी आजवर कधी खेळली नव्हती. शेवटची पाच मिनिटं उरली तरी दोन्हीकडे शून्य. तेवढ्यात वेलची दोघांना चकवून आमच्याच गोलसमोर पोहोचला. समोर फक्त गोलकीपर. आणि पोरगा थांबला. चेंडूवर पाय ठेवून त्याने मामांकडे पाहिलं.

मामा रेषेवर उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच धावत नव्हते.

"वेल्च्या, ज्यांच्याकडून खेळतोस त्यांच्यासाठी मार," मामा म्हणाले.

त्याने मारला. चेंडू जाळ्यात गेला आणि आम्ही हरलो. मामा दोन्ही हात वर करून नाचले. वेलची येऊन त्यांच्या पोटात तोंड खुपसून रडायला लागला, तर त्याची पाठ थोपटत ते पुन्हा पुन्हा सांगत होते की डावा पाय काय सुरेख टाकलास. मी मात्र बसमध्ये त्यांच्याशी बोललो नाही. पार विमान उतरेपर्यंत बोललो नाही.

परत आल्यावर कमिटीने काय झालं ते ऐकलं. एकाने सुचवलंही की सही झाल्यासारखीच होती, जिंकलो असंच धरूया. मामांनी मान हलवली. बोलणं म्हणजे बोलणं, असं म्हणाले आणि गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. तरुण कोच चांगला आहे. मेहनती आहे. यंदा टीमने दोन कप आणले.

मामा मैदानावर जात नाहीत. नव्या कोचच्या शिकवण्यात आपली लुडबूड नको, म्हणतात. परवा संध्याकाळी मी वाडीत गेलो. पाणी सोडायची वेळ होती, केळीची आळी कोरडी पडली होती, आणि पंप बंद करून मामा कुंपणाजवळच्या दगडावर बसले होते. मी विचारलं, वीज गेली का? त्यांनी मला हाताने गप्प केलं. पलीकडून चेंडूला लाथ बसल्याचा आवाज आला.

"वेलची," मामा हळूच म्हणाले. "दुखावलाय पाय कुठेतरी. जपून टाकतोय."

मग आम्ही दोघंही, अंधार पडून पलीकडचे आवाज थांबेपर्यंत, तिथेच बसून राहिलो.