विमानाच्या पत्र्याची अकरा भोकं

केशोरीतले दोघंचौघं इचारून राहिले, विमानाच्या मैदानावर कसं जाचं म्हणून. मले तोंडानं सांगता येत नाई, म्हणून लिवून देतो.

माहा मामा गोंद्याजवळच्या मैदानावर विमानं दुरुस्त करते. त्याचा निरोप आला का पत्र्याच्या कामाले मानसं पायजेत, दोन दिवस हात पायतीन, पटला त ठेवतीन. चौथीत शाळा सुटली तवापासून मी बापासंगं पितळेचे गुंड, म्हनजे पान्याचे मोठे भांडे, दुरुस्त करतो. बापानं आपली हथोडी माह्या पिशवीत टाकली. "हे जवळ असली का कोनाले काई इचारा लागत नाई," म्हने.

पहाटे बैलगाडीनं निघालो, दुपारी अर्जुनीले छोट्या लाईनीची गाडी भेटली. खिडकीशी बसजा, तळे दिसतेत. सौंदडले दोन पैशाचे मुरमुरे घेजा, गोंद्याचे भजे महाग अन् थंडे. ठेसनावरून पुढं मैदान दूर आहे, पायी नोका जाऊ. मले न्याले मामा रेंगी, म्हनजे हलकी बैलगाडी, घेऊन आला होता.

सकाळी शेडात गेलो. आपुन भांड्याच्या ज्या हलक्या धातूले जर्मन म्हनतो, विमान त्याच पत्र्याचं. मामा म्हने, इथं अल्मिन म्हनजो, जर्मनसंगं लढाई चालू आहे.

मिस्त्री म्हातारा, हिंदी बोलनारा. दोन पत्रे एकावर एक ठेवून भोकं पाडतेत, मंग पत्रे सुटे करतेत. भोकाच्या काठावर धानाच्या कुसळावानी बारीक धार उभी राह्यते. भोक पाडाचा बरमा, भोकाहून जाड, चिमटीत धरून एकच हलका फेरा द्याचा, धार निंगून जाते. मंग वरून कापूस फिरवतेत, अटकला नाई त भोक साफ. त्यानं हे एकदाच दाखवलं, तेही घाईत, अन् अकरा भोकांचा पत्रा माह्यापुढं ठेवला. मले उमजलं नाई, पन इचारलं नाई. घरी पितळेची धार आपुन हथोडीनं दाबतो, तसीच हळूहळू अकराही भोकांची दाबली. कापूस कोठंच अटकला नाई. मिस्त्री "बढिया" म्हनला. मामानं मिशीवर हात फिरवला.

थोड्या वेळानं एका विमानाचा जुना पत्रा खाली उतरवला. या भोकापासून त्या भोकापर्यंत चिरलेला. काऊन चिरला, मामानं इचारलं.

"किसी ने धार ठोक के बिठाई थी," मिस्त्री म्हनला. "हवा में थरथराया, तो वहीं से फटा."

जेवनात भात-वरन होतं. जेवल्यावर माह्या पत्र्याले रिबिटा, म्हनजे पत्रे जोडाचे खिळे, माराच्या होत्या. सांगितलं त घरी धाडतीन, अन् मामाची मान खाली. नाई सांगितलं त कोनाले कळनार नोयतं. मी मिस्त्रीपुढं जाऊन उभा राह्यलो. त्यानं वर पायलं.

"अकराही भोकांची धार म्या हथोडीनं दाबली."

त्यानं भोकांवरून बोट फिरवलं. "रुई तो नहीं अटकी."

"दाबली का नाई अटकत."

त्यानं खडूनं पत्र्यावर फुली मारली अन् बाजूले ठेवला. मामा म्हने, "तुले आजच तोंड फुटलं का?"

मंग मिस्त्रीनं बरमा माह्या चिमटीत देल्ला, वरून आपला हात धरला अन् एक फेरा फिरवला. दुसऱ्या दिवशी सगळी भोकं तसीच केली. उमजलं नाई तवा इचारलंही, दोनदा. निंगताना तो म्हनला, "सोमवार को आना. हथोडी घर छोडके."

घरी आल्यावर बापाले हथोडी वापस देल्ली, कायले तेही सांगितलं. "मंग करतेत कसं?" तो म्हने. म्या हवेत दोन बोटं फिरवून दाखवली.

आता तो ओसरीत बसला आहे, गुंड मांडीवर घेऊन. हथोडी बाजूले पडली आहे. चिमूट फिरवून पाहून राह्यला.