भानुदासच्या पोटातला ग्रीक शब्द

एका खोलीत चौघं राहिले की भांडी कमी पडतात अन् किस्से उरतात. बजाजनगरातल्या आमच्या खोलीचं तसंच. चार माणसं जमली की मला म्हणतात, "भानुदासचं सांग ना!" आता तुम्हीपण विचारलंच म्हणून सांगतो.

आमच्या चौघांतला भानुदास अजिंठ्याचा. वाळूजच्या एका कंपनीत माझ्याच लाइनवर होता. माणूस एकदम गरीब, पण त्याचं पोट लई बोलायचं! सकाळच्या शिफ्टला गडी उपाशीच यायचा. एकदा मशीन बंद केली तरी घुर्रर्र आवाज चालूच. सुपरवायझर खाली वाकून ऑइल बघायला लागला.

भानुदास म्हणला, "साहेब, मशीन नाय, मपलं पोट हाय!"

*

त्या दिवशी तो घाबरला. मी त्याला चौकातल्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी पोटाला नळी लावली, हसले, अन् कागदावर इंग्रजीत एक शब्द लिहिला. "बोर्बोरिग्मस."

भानुदास पांढराफटक. "डॉक्टरसाहेब, किती दिवस राहिले?"

"अरे, पोट गुरगुरतं ना, त्याला इंग्रजीत असं म्हणतात. मूळ शब्द ग्रीक. जसा आवाज, तसा शब्द. आपण नाही का गडगड, खळखळ म्हणत? आजार नाही हा. न्याहारी करून जात जा."

बाहेर आल्यावर त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. चालच बदलली त्याची.

"लेका, तुपल्या पोटाला हाय का ग्रीक नाव?"

*

पुढं खुलताबादचा उरूस आला. आमच्या खोलीतला सलीम तिथलाच. भानुदासला त्याच्यासंगं जायचं होतं, पण रजा मिळंना. मग त्यानं अर्ज लिहिला, "मला बोर्बोरिग्मस झाला आहे."

हजेरी-रजा बघणारे टाइम ऑफिसचे माने साहेब म्हणजे कडक माणूस. त्यांनी अर्ज दोनदा वाचला अन् खुर्ची मागं सरकवली.

"लागण होते का रे याची?"

"शेजारच्याला तरास व्हतो, साहेब," भानुदास म्हणला. खोटं काय बोलला तो?

"तीन दिवस घरीच बस! अन् सही तुझ्याच पेनानं कर!"

तिन्ही दिवस भानुदास सलीमच्या घरी जेवला. पोट एकदापण बोललं नाय. बोलायला जागाच नव्हती.

*

अशी गोष्ट झाकून राहती व्हय? पुढच्या आठवड्यात बोर्बोरिग्मसचे पाच अर्ज! एकानं तर लिहिलं, "आजी बोर्बोरिग्मसनं वारली." ते वाचून माने साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले म्हणे.

मग फर्मान निघालं. साथ कँटीनमधूनच पसरतीय. कँटीन दोन दिवस बंद, सगळीकडं औषधाची फवारणी!

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या कंपनीची पोटं गुरगुरत होती.

*

अन् आता खरी गोष्ट. भानुदासला स्थळ आलं. मुलगी शहरातली, सिडकोतली, नर्सिंग शिकलेली. वैशाली नाव. फोटो बघितला अन् गड्यानं त्याच दिवसापासून न्याहारी सुरू केली! मला म्हणायचा, "हीच पाहिजे. हिनं नाय म्हणलं तर मी परत अजिंठ्याला जाऊन म्हशी राखीन."

बघायच्या दिवशी मी त्याला चार भाकरी खाऊ घातल्या. मुलीच्या घरी पोट बोलायला नको, एवढीच काळजी होती.

आत गेलो. मुलीकडून मोठं माणूस म्हणून कोण बसलेलं? माने साहेब! मुलीचे सख्खे मामा!

त्यांनी भानुदासला ओळखलं अन् ताडकन म्हणले, "हे स्थळ जमणार नाही. या मुलाला बोर्बोरिग्मस आहे! मीच तीन दिवसांची रजा दिलीय. त्याच्या हातचा अर्ज आहे माझ्याकडं!"

मुलीच्या आईनं पदर तोंडाला लावला. भानुदास माझ्याकडं बघाय लागला. खरं सांगावं तर खोट्या रजेपायी नोकरी जाणार, अन् गप बसावं तर मुलगी जाणार! खोलीत कुणी हू की चू करंना.

तेवढ्यात आतून सगळं ऐकलेली वैशाली पोहे घेऊन दारात आली.

अन् त्या शांततेत आवाज आला. घुर्रर्रर्र! चांगला लांबलचक!

सगळ्यांनी भानुदासकडं बघितलं. भानुदासनं दोन्ही हात वर केले. पोटातल्या चार भाकऱ्या गपगार होत्या.

परत, घुर्रर्रर्र!

माने साहेबांनी हळूच पोटावर हात ठेवला.

वैशालीनं आधी भानुदासपुढं बशी ठेवली, काठोकाठ भरून. मग दुसरी मामांपुढं सरकवली अन् एकदम गंभीर तोंड करून म्हणाली,

"मामा, आता तुम्हीपण तीन दिवस घरीच बसा!"